बटाट्याचे बेणे आणि विषाणूंची लांबी

बटाट्याचे पीक बियांपासून नव्हे, तर बटाट्यापासूनच घेतले जाते. मागील हंगामातील कंद बेणे म्हणून राखून ठेवावयाचा, त्याचे डोळे फुटू द्यावयाचे आणि तोच पुन्हा जमिनीत लावावयाचा, असा हा क्रम आहे. या पद्धतीत एक मोठी सोय आहे आणि एक मोठा धोकाही आहे. सोय अशी की, वाणाचे गुण जसेच्या तसे पुढील पिकात येतात. धोका असा की, मूळ झाडाच्या अंगी जो रोग शिरला असेल, तोही कंदाबरोबर पुढील पिकात उतरतो. दोनतीन हंगाम घरचेच बेणे वापरले की पाला खुरटतो, पाने सुरकुततात, बटाटे लहान धरतात आणि "बेणे उतरले" असे शेतकरी म्हणतो. जमिनीचा कस, खत आणि पाणी पूर्वीप्रमाणेच असतानाही उत्पन्न घटते. याचे कारण बहुधा विषाणू हे असते.

बेळगाव परिसरात पावसाळ्याच्या आरंभी होणाऱ्या लागवडीसाठी बटाट्याचे बेणे दूर पंजाबातून येते. इंदूर व देवास भागात, म्हणजे माळव्यात, बटाटा हे रब्बीचे महत्त्वाचे पीक आहे. पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव तालुक्यांतही त्याची मोठी लागवड होते. या सर्व ठिकाणच्या शेतकऱ्यांच्या खर्चात बेण्याचा वाटा फार मोठा असतो. विकत घेतलेले बेणे निरोगी आहे किंवा नाही, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. कंद गुळगुळीत व टणक दिसला तरी त्याच्या पोटात विषाणू असू शकतो.

त्यातही अडचणीची गोष्ट अशी की, निरनिराळ्या विषाणूंची लक्षणे पुष्कळदा सारखीच दिसतात. पानांवर फिकट व गर्द हिरवे पट्टे उमटले की त्यास मोझॅक रोग म्हणतात. परंतु असे पट्टे उमटविणारे विषाणू अनेक आहेत आणि त्यांच्या फैलावाचे मार्ग वेगवेगळे आहेत. एक विषाणू विळ्याच्या पात्यावरून पसरतो, तर दुसरा मावा किडीच्या सोंडेतून पसरतो. मार्ग वेगळा म्हणून उपायही वेगळा. तेव्हा पानात नेमका कोणत्या कुळाचा विषाणू आहे, हे ओळखणे अगत्याचे ठरते. ही ओळख पटविण्याचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे त्या विषाणूची लांबी मोजणे होय.

केवढे हे माप?

लांबी मोजावयाची म्हटले की पट्टी अथवा टेप डोळ्यांसमोर येते. शालेय पट्टीवरील सर्वांत लहान भाग एक मिलिमीटरचा असतो. त्याचे एक हजार समान भाग केले तर प्रत्येक भाग एक मायक्रॉनचा होतो. मायक्रॉनचे पुन्हा एक हजार भाग केले म्हणजे एक नॅनोमीटर मिळतो. याचा अर्थ एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर सामावतात. विषाणूंची मोजणी या नॅनोमीटरमध्ये केली जाते.

बटाट्यावरील 'एक्स' नावाचा विषाणू हा एक लवचीक धागा असून त्याची लांबी सुमारे ५१५ नॅनोमीटर व जाडी १३ नॅनोमीटर असते. असे सुमारे १,९४० धागे टोकाला टोक लावून ठेवले, तर पट्टीवरील एक मिलिमीटरचे अंतर भरून निघेल. 'वाय' नावाच्या विषाणूचा धागा याहून लांब, म्हणजे सुमारे ७३० नॅनोमीटरचा असतो. या दोहोंतील फरक मिलिमीटरच्या एक पंचसहस्रांश भागाएवढा आहे. शेतकऱ्याला कोणता सल्ला द्यावयाचा, हे एवढ्याशा फरकावर अवलंबून राहू शकते.

प्रकाश जेथे अपुरा पडतो

शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक यंत्रातून कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी स्पष्ट दिसतात, परंतु विषाणू दिसत नाही. भिंगे कमी प्रतीची असतात म्हणून असे होत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी साधारणतः ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. ज्या दोन बिंदूंमधील अंतर या लहरींच्या निम्म्याहून कमी असेल, ते बिंदू प्रकाशाच्या साहाय्याने वेगळे दाखविता येत नाहीत. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटरपाशी येऊन थांबते. जाड सुतळीने बारीक विणीची नक्षी भरता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. तेरा नॅनोमीटर जाडीच्या धाग्यासाठी याहून पुष्कळ सूक्ष्म लहरीची आवश्यकता होती.

ती लहर इलेक्ट्रॉनने पुरविली. गतिमान कणालाही लहरीचा गुण असतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई द ब्रॉय्ली यांनी १९२४ साली मांडले. एक लाख व्होल्टच्या दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लहरीची लांबी नॅनोमीटरच्या हजारांश भागांत, म्हणजे सुमारे ०.००३७ नॅनोमीटर एवढी भरते. इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या भिंगाने वळविता येत नाही. तो चुंबकीय क्षेत्राने वळतो. तारेच्या वेटोळ्यातून विद्युतप्रवाह सोडून भिंगाचे काम साधता येते, हे ध्यानी घेऊन बर्लिन येथे माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार केला. या कार्याबद्दल रुस्का यांना १९८६ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. भारतात या यंत्राची उभारणी प्रा. नीरजनाथ दासगुप्ता यांनी कोलकाता येथे १९४० च्या दशकात हाती घेतली.

विषाणूचे पहिले इलेक्ट्रॉन छायाचित्र १९३९ साली जर्मनीत प्रसिद्ध झाले. ते काउशे, फान्कूख आणि एर्न्स्ट रुस्का यांचे बंधू हेल्मुट रुस्का यांनी घेतले होते. छायाचित्रातील विषाणू तंबाखूवरील मोझॅक रोगाचा होता. निपाणी परिसरातील शेतकऱ्यांना तंबाखूचे पीक परिचित आहे. त्या पिकाची पाने चितकबरी करणारा हा विषाणू आखूड, ताठ काडीसारखा दिसला.

लांबी ठरलेली का असते?

प्रारंभीच्या छायाचित्रांत या काड्या एकसारख्या लांबीच्या दिसत नव्हत्या. काही आखूड, काही मध्यम, तर काही दुप्पट लांब होत्या. त्यामुळे या विषाणूला निश्चित अशी लांबी आहे काय, असा प्रश्न उभा राहिला. १९५१ साली अमेरिकेतील विल्यम्स व स्टीअर यांनी पानांच्या रसावर शक्य तितकी कमी प्रक्रिया करून मोजणी केली. तेव्हा बहुसंख्य काड्या २९८ नॅनोमीटरच्या आसपास भरल्या. आखूड दिसणाऱ्या काड्या हे प्रक्रियेत मोडलेले तुकडे होते आणि लांब दिसणाऱ्या काड्या म्हणजे एकापुढे एक चिकटलेल्या दोन काड्या होत्या.

लांबी निश्चित असण्याचे कारण विषाणूच्या रचनेत आहे. या काडीच्या आत रायबोन्यूक्लिक आम्लाचा, म्हणजेच आर.एन.ए.चा, एक धागा मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेला असतो. विषाणूची सर्व आनुवंशिक माहिती त्या धाग्यात साठविलेली असते. त्याच्या भोवती प्रथिनाचे एकसारखे कण विटांप्रमाणे रचलेले असतात. आतील धागा जेथे संपतो तेथे विटांचे बांधकामही थांबते. म्हणून काडीची लांबी ही आतील माहितीच्या लांबीने ठरते.

याचा पडताळा साध्या अंकगणिताने घेता येतो. या विषाणूच्या आर.एन.ए.मध्ये सुमारे ६,३९५ घटक आहेत, हे १९८२ साली त्याचे संपूर्ण वाचन झाल्यावर कळले. प्रथिनाचा प्रत्येक कण तीन घटक धरून ठेवतो. म्हणून कणांची संख्या सुमारे २,१३० होते. मळसूत्राच्या एका वेढ्यात १६ पूर्णांक एक तृतीयांश कण बसतात, आणि एका वेढ्याची उंची २.३ नॅनोमीटर असते. हे आकडे क्ष-किरणांच्या अभ्यासातून मिळाले असून त्या अभ्यासात रोझलिंड फ्रँकलिन यांचा वाटा मोठा आहे. कणांच्या संख्येस वेढ्यातील कणांनी भागले असता सुमारे १३०.५ वेढे येतात, आणि त्यांना २.३ ने गुणले असता लांबी ३०० नॅनोमीटर भरते. रसायनशास्त्र, क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक या तीन वेगळ्या वाटांनी जाऊन शास्त्रज्ञ एकाच आकड्यापाशी पोहोचले. त्यामुळे या मोजमापावर विसंबून राहता येते.

लांबीवरून कूळ, कुळावरून मार्ग

१९५९ साली ब्रांडेस व वेटर या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पतींवरील लांबट विषाणूंची त्यांच्या स्वाभाविक लांबीनुसार गटवारी केली. एकाच लांबीचे विषाणू अन्य गुणांतही एकमेकांचे नातलग असतात, असे त्यांना आढळले. ही गटवारी पुढे अनेक दुरुस्त्यांसह टिकून राहिली. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ पुढीलप्रमाणे सांगता येईल.

सुमारे ३०० नॅनोमीटरची ताठ काडी दिसली, तर विषाणू तंबाखू मोझॅकच्या कुळातील समजावा. त्याला किडीची गरज लागत नाही. तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोच्या अथवा मिरचीच्या रोपांना स्पर्श केला तरी तो त्यांच्यात शिरू शकतो.

सुमारे ५१५ नॅनोमीटरचा धागा बटाट्यात आढळला, तर तो बहुधा 'एक्स' विषाणू असतो. हाही स्पर्शाने पसरतो. पानाला पान घासणे, कपड्यांना रस लागणे, आणि विशेषतः एकाच विळ्याने बेणे कापत जाणे, हे त्याचे मार्ग होत.

सुमारे ६५० नॅनोमीटरचा धागा 'एस' अथवा 'एम' विषाणूचा असू शकतो. यांपैकी 'एस' हा मुख्यतः स्पर्शाने, तर 'एम' हा मुख्यतः मावा किडीने पसरतो.

सुमारे ७३० नॅनोमीटरचा धागा 'वाय' विषाणूचा निदर्शक आहे. याचा वाहक मावा होय. रोगट पानात काही सेकंद सोंड खुपसली तरी मावा हा विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच थोड्या वेळात सोडतो. 'एक्स' व 'वाय' हे दोन्ही विषाणू एकाच झाडात आले, तर हानी फार वाढते.

अन्य पिकांतही हेच तत्त्व लागू पडते. उसावरील मोझॅकचा धागा सुमारे ७५० नॅनोमीटर आणि पपईवरील वलयी ठिपक्यांच्या रोगाचा धागा सुमारे ७८० नॅनोमीटर असतो. हे दोन्ही 'वाय' विषाणूचे नातलग असून त्यांचाही प्रसार मावा करतो. संत्रा-मोसंबीच्या झाडांना ऱ्हासाकडे नेणाऱ्या ट्रिस्टेझा विषाणूचा धागा तर सुमारे २,००० नॅनोमीटर, म्हणजे दोन मायक्रॉन लांब असतो.

पानापासून छायाचित्रापर्यंत

मोजणीची तयारी वाटते तितकी गुंतागुंतीची नाही. तांब्याची एक बारीक जाळी घेतात. तिचा व्यास सुमारे तीन मिलिमीटर, म्हणजे टिकलीएवढा असतो. तिच्यावर कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा पसरलेला असतो. या जाळीवर पाण्याचा एक थेंब ठेवून रोगट पानाची ताजी कापलेली कड त्यात क्षणभर बुडवितात. कापलेल्या पेशींतील विषाणू थेंबात उतरतात. ही पद्धती १९५७ साली ब्रांडेस यांनी रूढ केली.

यानंतर युरेनियमच्या अथवा टंगस्टनच्या क्षाराचे द्रावण वापरून विषाणूंभोवती गडद पार्श्वभूमी तयार करतात. ओल्या मातीत उमटलेल्या पावलाच्या कडेला पाणी साचावे आणि पाऊल उठून दिसावे, त्याप्रमाणे हा जड क्षार धाग्याच्या भोवती साचतो. इलेक्ट्रॉन क्षारातून सहज पार जात नाहीत, परंतु विषाणूतून पुष्कळसे पार जातात. म्हणून काळसर पार्श्वभूमीवर फिकट धागा दिसतो. जाळी वाळवून यंत्राच्या निर्वात नळीत ठेवतात आणि छायाचित्र घेतात.

चाळीस हजार पटींनी मोठ्या केलेल्या छायाचित्रात ७३० नॅनोमीटरचा धागा सुमारे २९ मिलिमीटर लांब दिसतो. त्याच पटीने पाच सेंटिमीटरचा बटाटा मोठा केला, तर तो दोन किलोमीटर रुंद होईल.

मापाचेही माप हवे

आता खरा प्रश्न उपस्थित होतो. छायाचित्र चाळीस हजार पटींचे आहे, हे कशावरून? यंत्राच्या तबकडीवर तसा आकडा दिसतो, एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. चुंबकीय भिंगातील प्रवाह किंचित बदलला, जाळी किंचित वर अथवा खाली बसली, अथवा आधीच्या वापरातील चुंबकत्वाचा अंश भिंगात उरला, तरी प्रत्यक्ष वर्धन बदलते. शेकडा पाच ते दहा एवढा फरक पडणे अशक्य नसते. बाजारातील दुकानदाराच्या वजनांवर वजनमापे खात्याचा शिक्का ठराविक मुदतीने मारावा लागतो. तद्वतच या यंत्राच्या आकड्याचीही वेळोवेळी पडताळणी करावी लागते.

पडताळणीसाठी ज्यांचे माप अन्य मार्गाने निश्चित झालेले आहे, अशा वस्तू वापरतात. त्यांपैकी एक म्हणजे एका मिलिमीटरमध्ये २,१६० समांतर रेषा असलेल्या जाळीचा ठसा. त्यातील दोन रेषांमधील अंतर ४६३ नॅनोमीटर असते. अधिक मोठ्या वर्धनासाठी कॅटलेज या प्रथिनाचे स्फटिक घेतात. त्यातील रांगांमधील अंतरे ८.७५ व ६.८५ नॅनोमीटर असतात. आणि तिसरे साधन म्हणजे तंबाखू मोझॅकची ३०० नॅनोमीटरची काडी. शेतकऱ्याचा शत्रू असलेला हा विषाणू प्रयोगशाळेत मोजपट्टी म्हणून कामी येतो. तपासावयाच्या नमुन्यातच तो थोडासा मिसळला म्हणजे एकाच छायाचित्रात अज्ञात धागा व ज्ञात काडी शेजारी शेजारी येतात.

पडताळणी न केल्यास काय होईल, हे एका उदाहरणाने पाहावे. समजा, यंत्रावर चाळीस हजार पट असा आकडा आहे आणि छायाचित्रात बटाट्यातील धागा २७ मिलिमीटर भरला. यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवला, तर धाग्याची लांबी ६७५ नॅनोमीटर येते. हा आकडा ६५० ला जवळचा आहे. परीक्षक 'एस' विषाणू असे अनुमान काढील, आणि विळा स्वच्छ ठेवावा, असा सल्ला शेतकऱ्याला मिळेल. परंतु त्याच छायाचित्रात तंबाखू मोझॅकची काडी ११.१ मिलिमीटर भरली असेल, तर त्रैराशिक वेगळे होते. ११.१ मिलिमीटर म्हणजे ३०० नॅनोमीटर, तर २७ मिलिमीटर म्हणजे किती? उत्तर सुमारे ७३० नॅनोमीटर येते. म्हणजे धागा 'वाय' विषाणूचा आहे, प्रत्यक्ष वर्धन ३७ हजार पट एवढेच होते, आणि शेतकरी विळा धूत असताना मावा शेतभर रोग पसरवीत राहिला असता.

एक धागा मोजून भागत नाही

पट्टी बरोबर असली तरी काम संपत नाही. एका धाग्याच्या लांबीवरून निर्णय देणे योग्य ठरत नाही, कारण तो धागा मोडका असू शकतो. त्यासाठी शंभर किंवा त्याहून अधिक धागे मोजतात आणि कोणत्या लांबीचे किती धागे आढळले, याचा आलेख काढतात. मोडके तुकडे सर्व लांबींमध्ये विखुरलेले असतात, तर अखंड धागे एकाच लांबीभोवती गर्दी करतात. आलेखातील सर्वांत उंच स्तंभ जेथे उभा राहतो, ती विषाणूची स्वाभाविक लांबी होय. सर्व धाग्यांची सरसकट सरासरी काढली, तर तुकड्यांमुळे ती खऱ्या लांबीपेक्षा कमी येते.

बटाट्यावरील धागे वळणदार असल्यामुळे टोकापासून टोकापर्यंत सरळ पट्टी लावून चालत नाही. नकाशावरील नदीची लांबी मोजताना जसे वळणावळणाने जावे लागते, तसे धाग्याच्या कडेने जावे लागते. पूर्वी त्यासाठी नकाशे मोजण्याचे लहान चाक छायाचित्रावर फिरवीत असत. आता हे काम संगणकावर होते. द्रावणातील क्षारांचाही परिणाम ध्यानात घ्यावा लागतो. 'वाय' कुळातील काही धागे मॅग्नेशियमच्या सान्निध्यात ताठ व काहीसे लांब होतात, असे १९७१ साली दाखवून देण्यात आले आहे.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. आगपेटीतील पन्नास वापरलेल्या काड्या घेऊन त्यांपैकी पंधरा काड्या हव्या तशा मोडाव्या आणि सर्व तुकडे मिसळून विद्यार्थ्यांना मोजण्यास द्यावे. प्रथम सरासरी काढावयास सांगावी आणि नंतर आलेख. अखंड काडीची लांबी सरासरीने सापडत नाही, पण आलेखाने सापडते, हे मुलांच्या स्वतःच ध्यानी येईल. सुतळीचे वळणदार तुकडे दोऱ्याने मोजण्याचा प्रयोगही याच्या जोडीला करता येण्यासारखा आहे.

मोजमापाच्या मर्यादा

लांबीने कूळ कळते, परंतु व्यक्ती नेहमीच ओळखता येते असे नाही. 'एस' व 'एम' हे दोन्ही विषाणू सुमारे ६५० नॅनोमीटरचेच असल्यामुळे केवळ पट्टीने ते वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी विशिष्ट विषाणूलाच चिकटणारी प्रतिद्रव्ये वापरावी लागतात. जाळीवर अशा प्रतिद्रव्यांचा थर देऊन हवा तो विषाणू पकडण्याची पद्धती १९७३ साली पुढे आली. १९७७ पासून वनस्पतींच्या विषाणूंसाठी एलायझा ही रंग दाखविणारी चाचणी प्रचारात आली. तिच्यायोगे शेकडो नमुने एकाच वेळी तपासता येतात. अलीकडे विषाणूची आनुवंशिक माहिती वाढवून ओळखणारी पीसीआर चाचणीही वापरली जाते.

शिवाय सर्वच विषाणू लांबट नसतात. बटाट्याची पाने वरच्या बाजूस गुंडाळणाऱ्या रोगाचा विषाणू गोलसर असून त्याचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो. तो पानाच्या शिरांतील अन्नवाहक पेशींतच राहत असल्यामुळे पानाची कड बुडविण्याच्या पद्धतीत सहसा हाती लागत नाही. म्हणून छायाचित्रात धागे दिसले नाहीत, एवढ्यावरून बेणे निरोगी असल्याचा निर्वाळा देता येत नाही.

मग नव्या चाचण्या असताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एलायझा अथवा पीसीआर ही चाचणी ज्या विषाणूसाठी तयार केली, त्याच विषाणूविषयी उत्तर देते. सूक्ष्मदर्शक मात्र अपेक्षा नसलेला पाहुणाही दाखवितो. शेतात नवा रोग दिसला आणि तो कशामुळे झाला याचा अंदाज येत नसला, तर पानात धागा आहे की गोल कण आहे, आणि धागा असल्यास तो किती लांब आहे, हे पाहिल्याने पुढील तपासाची दिशा ठरते.

शेतकऱ्याच्या हिताचे उपाय

या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग बेण्याच्या उत्पादनात झाला आहे. १९४९ साली स्थापन झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था शिमला येथे असून ग्वाल्हेर येथेही तिचे केंद्र आहे. पूर्वी निरोगी बेण्यासाठी थंड डोंगराळ प्रदेशावर अवलंबून राहावे लागे, कारण तेथे मावा कमी असतो. उत्तरेकडील मैदानातही ऑक्टोबरपासून जानेवारीच्या प्रारंभापर्यंत माव्याचे प्रमाण अल्प असते, हे ओळखून डॉ. पुष्करनाथ यांच्या पुढाकाराने त्या मुदतीत बेण्याचे पीक घेण्याची पद्धती विकसित झाली. या पद्धतीत तपासलेले निरोगी बेणे लावतात, रोगट झाडे कंदांसह उपटून टाकतात, आणि शंभर संयुक्त पानांवर माव्यांची संख्या वीसच्या घरात पोहोचण्यापूर्वीच पाला कापून टाकतात. पाला नाहीसा झाला म्हणजे माव्याला रस शोषण्यास जागा उरत नाही आणि जमिनीतील कंद विषाणूपासून सुरक्षित राहतो. पंजाबातून बेळगावास येणाऱ्या बेण्यामागे हाच विचार आहे.

शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. बेणे प्रमाणित व खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. शक्य असल्यास मध्यम आकाराचे अखंड कंद लावावे. कापून लावणे भाग पडल्यास विळा अथवा सुरी वरचेवर जंतुनाशक द्रावणात बुडवावी. पानांवर पट्टे अथवा सुरकुत्या दिसताच ती झाडे लवकर उपटावी. 'वाय' विषाणू काही सेकंदांत पसरत असल्यामुळे केवळ फवारणीवर भिस्त ठेवू नये. मावा मरण्यापूर्वीच त्याचे काम झालेले असते. रोगाचा संशय आल्यास कोवळी, ताजी पाने वाळू न देता नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राकडे अथवा कृषी विद्यापीठाकडे न्यावी आणि वाण, बेण्याचे ठिकाण व लागवडीची तारीख लिहून द्यावी. ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी या नोंदी नीट राहतील असे पाहिल्यास प्रयोगशाळेचे काम पुष्कळ सुकर होईल.

प्रयोगशाळेत मोजलेला एक धागा आणि शेतातील एक सरी यांत फार मोठे अंतर आहे असे वाटते. वस्तुतः ते अंतर एका योग्य सल्ल्याएवढेच आहे. तो सल्ला बरोबर असावयाचा तर मोजपट्टी आधी तपासलेली हवी, मोडके तुकडे वेगळे काढलेले हवेत, आणि जे मोजता आले नाही त्याविषयी निर्वाळा देण्याची घाई नको. बेण्यावर पैसा खर्च करणाऱ्या शेतकऱ्याचा एवढा अधिकार निश्चितच आहे.